सोमवारचा अंगठा

कुंभकोणमला मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. घरापुढच्या ओट्यावर पाय दुमडून बसले होते. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "सदरा काढतां काय?"

मला वाटलं, उकाडा आहे म्हणून म्हणत असतील. मी म्हटलं, "नको, ठीक आहे."

"ठीक कसें? आंग पाहिल्यावीण खोली कशी देऊं?"

युद्धाचे दिवस होते. सोलापूरच्या एका व्यापाऱ्याने मला तिकडे पाठवलं होतं. तिरुभुवनमच्या विणकरांना काठापदरासाठी सोनेरी जर पोचवायची आणि त्यांची रेशमी लुगडी घेऊन पाठवायची, असं काम. तमिळ एक अक्षर येत नव्हतं. स्टेशनावर कुणीतरी सांगितलं की अमुक गल्लीत एक घर आहे, तिथे तुमची भाषा बोलतात. ती भाषा कानावर पडली तेव्हा इतकं बरं वाटलं की मी मुकाट्याने सदरा काढला.

ते उठले. बाजारात बैल बघतात तसे माझ्याभोवती फिरले. खांद्यात अंगठा रुतवून पाहिला. गुडघ्याच्या मागे बोटाने टिचकी मारली. मग आत वळून बायकोला हाक दिली, "ऐकतेस काय? पोरगें बरें आहे. उजवा खांदा तेवढा खालीं आहे. राहूं दे."

खोली मिळाली. अट एकच होती. उजाडताना घरामागच्या तालमीत उतरायचं. ज्या दिवशी उतरणार नाही त्या दिवशी घरात पाणी तापणार नाही.

पुढे मी तिथे चांगली तीन-साडेतीन वर्षं काढली.

तेव्हा ते साठीच्या पलीकडे होते. बुटके, मान जवळजवळ नाहीच, कुस्तीने सुजून बसलेले कान, आणि पांढऱ्या मिश्या तेल लावून वर वळवलेल्या. सगळी गल्ली त्यांना 'वात्यार' म्हणायची. तमिळमध्ये वात्यार म्हणजे मास्तर. मीही तेच म्हणू लागलो. त्यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारी तालमीवर होते. कंपनी सरकारने राज्य खालसा केलं तेव्हा मल्ल पांगले. त्यांचे आजोबा कुस्तीच्या हौद्यातली लाल माती गाडीत भरून कुंभकोणमला आले. ही गोष्ट ते नव्या माणसाला हटकून सांगत आणि शेवटी म्हणत, "राज्य त्यांनीं घेतलें. माती आम्हीं आणली." मातीत दर पावसाळ्याआधी ताक, हळद आणि तेल घालून ती मळत. त्या दिवशी घरात ताक मिळायचं नाही.

त्यांची मराठी ऐकताना पहिले काही दिवस मला पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. मजला, तुजला, कोठें, जातोस काय. मध्येच एखादा तमिळ शब्द यायचा, तोही मराठी प्रत्यय लावून. आणि सगळ्यात जास्त वेळा यायचा तो 'असकें'. असकें म्हणजे सगळं. जेवण असकें झालें काय? पाणी असकें ओतून टाक. आणि त्यांच्या सगळ्या शिकवणीचा पाया होता तो, "आंग असकें एक."

याचा अर्थ असा की व्यायाम करायचा तो रोज आणि सगळ्या अंगाचा. जोर, बैठका, मुदगल, मल्लखांब, शेवटी माती. एकही अवयव सुटता कामा नये. मुदगलाला ते 'करला' म्हणत. मोजायचं मात्र नाही. मी पहिल्याच दिवशी जोर मोजायला लागलो तर ओरडले, "मोजूं नको! मोजणारा आधीं दमतो." मग थांबायचं कधी? तर नाकाच्या शेंड्यावरून घाम मातीत पडू लागला आणि हात, पाय, पाठ, पोट या सगळ्यांनी एकेकदा माफी मागितली, की थांबायचं. कुणी अजून माफी मागितलेली नाही हे त्यांना बाहेरून कळायचं. "तुझी पोटरी आणीक काहीं बोल्ली नाहीं," असं म्हणून ते आणखी बैठका काढायला लावत.

तालमीत उतरलं की 'तुम्ही' बंद. वकील असो, हेडक्लार्क असो, लंगोट लावला की 'तू'. मातीतून बाहेर येऊन अंग धुतलं की पुन्हा 'तुम्ही'. एका वकिलाने एकदा ओल्या अंगानेच काही विचारलं, तर वात्यार क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "आधीं पुसून या, मग सांगतों."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. अंगं राहत. पोस्टमन म्हणजे 'डावी टाच', किराणावाला म्हणजे 'पुढें आलेली मान'. मी म्हणजे 'खालचा खांदा'. मी जरीच्या पेट्या नेहमी उजव्या खांद्यावर घ्यायचो म्हणून तो खाली गेला, हे त्यांचं निदान. रस्त्यात कुणी भेटलं की इतर लोक मुलाबाळांची चौकशी करतात, हे विचारायचे, "गुडघा काय म्हणतो?" आणि उत्तर खरोखर ऐकून घ्यायचे. बाजारात उभ्या उभ्या ते एखाद्याची कंबर अशी दाबून द्यायचे की तो माणूस भाजी घ्यायचं विसरून सरळ चालत घरी जायचा.

जड वस्तू दिसली की उचलून बघायची, ही दुसरी खोड. पितळेच्या दुकानात पुरुषभर उंचीच्या समया असत. हे आत जात, समई उचलून डोक्याच्या वर नेत, हळूच खाली ठेवत आणि "बरी आहे" म्हणून निघून जात. दुकानदाराने कधी हरकत घेतली नाही. उलट, गिऱ्हाईक समोर असलं तर तो यांना रस्त्यातून हाक मारून बोलवायचा.

जवळच्या मरुदानल्लूर गावी भजनाला ते चालत जात. तिथेही टाळ वाजवायचे ते हात डोक्यावर ताणून. सगळे मांडी घालून डोळे मिटून बसलेले, आणि यांचे दोन हात खांबांसारखे वर. मी विचारलं तर म्हणाले, "विठोबाला काय, वरून ऐकूं येईल. खांद्यालाही बरें."

मामी, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं बघत आली होती. मूलबाळ नव्हतं. वात्यारांचा बहिणीचा मुलगा रामोजी याच घरात वाढला होता. तो बोलायला लागला त्याच्या आधी त्याच्या हातात लाकडाचा लहानसा करला होता, असं मामी सांगायची. मी आलो तेव्हा रामोजी त्रिचीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. वात्यार त्याचं नाव मात्र विसरत नसत. "माझा रामू येईल तेव्हां पाहशील," असं ते मला वरचेवर सांगत. "त्याचें आंग म्हणजे मीं घडवलेलें. असकें."

रामू आला. कारखान्यातली नोकरी सोडून आला, कारण त्याची आई थकली होती आणि कुंभकोणमच्या भाताच्या गिरणीत त्याला काम मिळालं होतं. पलीकडच्या गल्लीत आईच्या दारी बैलगाडीतून त्याने ट्रंक उतरवली, वळकटी उतरवली आणि मग दोन माणसांच्या मदतीने एक लोखंडी दांडा आणि गोल चकत्या उतरवल्या.

"हें काय रे? गिरणीचें सामान काय?" वात्यारांनी विचारलं.

"नाहीं मामा. माझें आहे. व्यायामाचें."

त्रिचीच्या कारखान्यात एक अँग्लो-इंडियन फोरमन होता. त्याच्याकडून रामोजी हे शिकून आला होता. दांड्याला दोन्हीकडून चकत्या लावायच्या, उचलायच्या, जमलं की आणखी चकत्या चढवायच्या. आणि मुख्य म्हणजे अंगाचे वाटे करायचे. सोमवारी छाती आणि दंड, मंगळवारी पाय, बुधवारी पाठ आणि खांदे, गुरुवारपासून पुन्हा तेच.

वात्यार हे ऐकून आधी हसले. त्यांना ती गंमत वाटली.

"सोमवारीं छाती करितोस. तेव्हां पाय काय करितात?"

"निजतात, मामा. ज्या स्नायूनं कष्ट केले त्याला विश्रांती पाहिजे. रोज रोज त्यालाच हाणलें तर तो भरणार कधीं?"

"आणि काळीज? त्याचा सुट्टीचा वार कोणता?"

रामोजीला उत्तर द्यायचं कारणच नव्हतं. त्याचे दंडच उत्तर देत होते. दोन्ही हातांत मावणार नाही असा दंड, आणि छाती अशी की सदऱ्याची बटणं बिचारी. गल्लीतल्या तरुणांनी ते पाहिलं आणि महिन्याभरात निम्मी तालीम संध्याकाळी रामोजीच्या अंगणात जाऊ लागली.

एकदा वात्यार माझ्याबरोबर तिरुभुवनमला आले. मी जरीच्या लडी मोजून देत होतो आणि ते मागाजवळ उभे राहून विणकराकडे टक लावून बघत होते. परतताना वाटभर तेच. "पाहिलास काय? पाय दाबतो, हात धोटा फेकतो, डोळे काठावर, पाठ ताठ. असकें एकदम! आज हातच चालवीन, पाय उद्यां, असें बोल्ला तर लुगडें होईल काय?"

घरी येताच त्यांनी हे रामोजीला ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "मामा, त्याच विणकराची चाळिशीनंतरची पाठ पाहिली काय तुम्हीं? वांकून कमान झालेली असते. रोज तेंच केल्यानें."

रामोजीचं म्हणणं खरं होतं आणि तेही मला दिसत होतं. त्या दोघांच्या मध्ये राहणारा माणूस म्हणून माझी फार ओढाताण होई. शेवटी मी वात्यारांना सरळच विचारलं, "संध्याकाळी रामोजीकडे जाऊन बघू का?"

"जा की. विचारतोस कशाला?" म्हणाले, आणि लगेच पाठ फिरवून मातीवर पाणी शिंपडू लागले.

रामोजीने माझा खांदा पाहिला आणि त्याला आठवड्यात एक वार वेगळा काढून दिला. दुसरं काही नाही, त्या दिवशी तेवढंच. उन्हाळा सरेपर्यंत खांदा खरोखर वर आला. मी कुणाला बोललो नव्हतो. एका सकाळी मी अंगाला तेल लावत असताना वात्यार मागे येऊन उभे राहिले.

"खांदा आला वर. रामूनं आणला?"

"हो."

"बरें केलें." एवढंच. पण त्या दिवशी ते करला फिरवत राहिले ते ऊन चढेपर्यंत. मामीने दोनदा हाक मारली तरी थांबले नाहीत.

त्यानंतर आठवड्याच्या आतच त्यांनी असं काही केलं की गल्लीला बोलायला विषय मिळाला. संध्याकाळी रामोजीच्या अंगणात मुलं जमलेली असताना हे आत शिरले. उपरणं काढून खुंटीला अडकवलं. रामोजी दांडा पुसत होता, तो उभा राहिला.

"रामू, मजला शिकीव."

"मामा, थट्टा करितां काय?"

"थट्टा नाहीं. मजला ठाऊक नाहीं तें वाईट आहे, असें मीं कसें म्हणूं? आज वार कोणता?"

"सोमवार."

"तर छाती. सांग."

आणि ते शिकले. चांगल्या शिष्यासारखे शिकले. रामोजी 'श्वास सोडा' म्हणाला की सोडायचे, 'पोदुम्', म्हणजे पुरे, म्हणाला की थांबायचे. चूक झाली की स्वतःचे कान पकडायचे. रामोजी इतका अवघडला होता की त्याला घाम त्यांच्यापेक्षा जास्त आला. तालमीतली सकाळ त्यांनी स्वतःपुरती बंद ठेवली. आम्हाला शिकवायचे, पण स्वतः कडेला हात बांधून उभे राहायचे. एका वेळी एकच औषध घेतलं तरच गुण कळतो, म्हणायचे.

पण बाकीच्या अंगाचं त्यांना फार वाईट वाटायचं. छातीचा वार झाला की घरी येताना गल्लीच्या वळणावर, कुणी बघत नाही असं बघून, चार बैठका मारायचे. मग पुन्हा अपराधी चेहरा करून घरात यायचे. मामीने मला सांगितलं, "निजतांना पायांवरून हात फिरवितात आणि बोलतात, उद्यां हां, उद्यां तुमची पाळी. आतां मीं हसूं काय रडूं?"

असं तीनेक आठवडे चाललं. मग एके दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी निकाल दिला. "छाती वाढती. खोटें नाहीं. रामू सांगतो तें खरें आहे. पण मजला झोंप लागत नाहीं. ज्याला काम नाहीं मिळालें तें आंग रात्रभर जागें राहतें. मी माझ्या वाटेनं जातों."

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण अंगणातली मुलं हसली, आणि रामोजीला वाटलं असावं की आता काहीतरी बोलायलाच हवं. तो म्हणाला, "मामा, तुमचें म्हणजे असक्या बागेवर चूळभर पाणी शिंपडणें. पानें ओलीं होतात. मुळाला काहीं पोंचत नाहीं."

मुलं आणखी हसली. वात्यारांनी उपरणं खांद्यावर टाकलं. चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"तूं त्याच पाण्यावर वाढलास, रामू," ते म्हणाले. "आतां माझ्या तालमीत येऊं नको."

आठ-नऊ महिने मामा-भाचे एकमेकांशी बोलले नाहीत. रामोजी गिरणीवर जायला याच गल्लीतून जायचा, पण मामांच्या घरासमोर आला की मान खाली घालायचा. वात्यार ओट्यावर असले तर आत निघून जायचे. सणाला मामीने केलेलं गोड माझ्या हाती रामोजीकडे जाई, आणि वात्यार ते बघत असूनही न बघितल्यासारखे करत.

मासी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या माघ-फाल्गुनातल्या, एका सकाळी आम्ही पाच-सहा जण तालमीत होतो. वात्यार जोर काढत होते. खाली गेले आणि वर येताना त्यांचा उजवा हात सरकला. त्यांना वाटलं, माती ओली आहे. पुन्हा हात टेकवला, पुन्हा सरकला. मग ते डाव्या कुशीवर वळून उजव्या हाताकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मी धावलो. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. काहीतरी बोलत होते, पण शब्द लागत नव्हता.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. अर्धांगवायू. उजवी बाजू पूर्ण गेलेली. पडून राहायचं, हालचाल करायची नाही, बाकी देवावर. मी रामोजीला सांगायला गिरणीकडे निघालो तर तो वाटेतच भेटला. कुणीतरी आधीच सांगितलं होतं. हाताला ग्रीस, अनवाणी, धावत येत होता. घरात आला तो सरळ मामांच्या उशाशी बसला. वात्यारांनी त्याला पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. तो तिथून हलला नाही.

तोंड पुढे सुधारलं. पण एक विचित्र गोष्ट झाली. पहिल्यांदा बोलणं आलं ते तमिळमधून. पाणी मागायचं तर तमिळ, मामीला हाक मारायची तर तमिळ. मराठी ऐकलेली कळायची, पण बोलायला गेलं की जीभ अडायची आणि त्यांना रडू यायचं. जन्मभर घराच्या उंबऱ्याबाहेर तमिळ आणि आत मराठी असा नेम पाळलेला माणूस. मग मामीने काय केलं, तीच घरात तमिळ बोलू लागली. रामोजीही; त्याचं तेव्हाचं बोलणं मी इथे मराठीतच देतो. मीसुद्धा माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. त्यांना एकटं वाटू नये म्हणून आम्ही सगळ्यांनीच मराठी काही महिने बाजूला ठेवून दिली.

डॉक्टरांनी सांगितलेला विश्रांतीचा काळ संपला, थोडी हालचाल चालेल म्हणाले. त्या दिवशी रामोजी त्यांच्या जवळ बसला आणि उजव्या हाताचा अंगठा आपल्या दोन बोटांत धरला.

"मामा, आज सोमवार. आज फक्त अंगठा. बाकी कशाला हात लावायचा नाहीं. मंगळवारीं पाऊल. बुधवारीं मनगट."

वात्यारांनी डाव्या हाताने त्याला झिडकारलं. तमिळमध्ये जे म्हणाले त्याचा अर्थ असा होता की मी काय तुकडे विकायला बसलोय? मी उठेन. सगळाच उठेन.

आणि त्यांनी ते करून पाहिलं. दुपारी मामी स्वयंपाकघरात आणि रामोजी गिरणीवर असताना ते खांबाला धरून उठले. डावी बाजू उठली, उजवी नाही. पडल्याचा आवाज ऐकून मी खोलीतून आलो. जमिनीवर पालथे पडले होते आणि डाव्या हाताने अंग वर ढकलण्याचा प्रयत्न करत होते. मी आणि मामीने मिळून त्यांना उचललं. समई डोक्यावर नेणारा माणूस. मामीने पदर तोंडात धरला होता.

दोन दिवस ते भिंतीकडे तोंड करून निजले. जेवले नाहीत म्हणायलाही हरकत नाही. रामोजी रोज कामावर जायच्या आधी येऊन उशाशी बसायचा.

तिसऱ्या सकाळी तो आला तेव्हा वात्यार उताणे होते. त्यांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, एखादी वस्तू उचलावी तसा, आणि रामोजीच्या मांडीवर ठेवला.

"घे," तमिळमध्ये म्हणाले. "सोमवार."

त्या दिवशी गुरुवार होता. रामोजीने मान हलवली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

त्यानंतरचे महिने मी जवळून पाहिले. अंगठा हलायला किती दिवस लागले ते मी मोजलं नाही, पण तो हलला त्या दिवशी मामीने विठोबापुढे साखर ठेवली आणि वात्यार लाजल्यासारखे हसले. मग तर्जनी. मग मनगट. रामोजीने कारखान्यातून आणलेल्या चकत्यांपैकी सगळ्यात लहान चकती त्यांच्या तळहातावर ठेवायचा आणि ती धरून ठेवायला सांगायचा. ज्या दिवशी पायाचा वार असेल त्या दिवशी हाताला तो हात लावू द्यायचा नाही. वात्यार चोरून बोटं हलवायचे. रामोजीला कळायचं. "मामा, मीं पाहिलें." हे कबूल करायचे नाहीत. पाऊल टेकू लागलं, मग काठी आली, मग काठी घेऊन ओट्यापर्यंत. ओट्यावर बसू लागल्यावर त्यांनी पोस्टमनला पहिला प्रश्न विचारला तो टाचेविषयी. तेव्हा मला वाटलं, आता हे बरे होतील.

तालीम बंद पडली नव्हती. सकाळी ती रामोजी चालवायचा, कारण तसं त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी दुसरं कुणी नव्हतं. त्याचा दांडा आणि चकत्याही हळूहळू तिथेच आल्या, रोज दोन्हीकडे जायला त्याला वेळ नव्हता म्हणून. कुठली रीत खरी ठरली असं मला कुणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. मी स्वतः आजपर्यंत रोज सकाळी सगळं अंग थोडं थोडं हलवतो, आणि उजव्या खांद्याला आठवड्याचा एक वार वेगळा देतो. सोलापूरला परतल्यावर पुढे रामोजीची अधूनमधून पत्रं येत. वात्यार त्यानंतर आणखी बरीच वर्षं होते, उजवा पाय शेवटपर्यंत थोडा ओढत चालले, असं त्यानेच कळवलं.

मला मात्र त्यांची आठवण येते ती आडी महिन्यातल्या, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणातल्या, एका सकाळची. नदीला नवं पाणी आलं होतं. उन्हाळाभर वाळूचा पट्टा होऊन पडलेली कावेरी काठोकाठ भरली होती आणि सगळं गाव घाटावर लोटलं होतं. वात्यार सकाळपासून हट्ट धरून बसले होते, नदीवर जायचं. मामी नको म्हणत होती. शेवटी रामोजी म्हणाला, "शरि, बरें, जाऊं. आज पायांचा वार आहे. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यांत उभें राहायचें, परत यायचें. एवढेंच."

एका बाजूला तो, एका बाजूला मी, असे आम्ही घाटावर गेलो. पायऱ्या उतरायला फार वेळ लागला. पाण्याजवळ आल्यावर त्यांनी काठी माझ्या हाती दिली आणि रामोजीचा हात धरून एक पायरी आत गेले. आणखी एक. गुडघ्यापर्यंत पाणी आलं.

"पोदुम्, मामा."

ते ऐकू न आल्यासारखे आणखी एक पायरी उतरले. पाणी कमरेला लागलं. रामोजीचा हात त्यांनी सोडला. तो पुढे झेपावणार तेवढ्यात ते पाण्याखाली गेले.

मला तो क्षण फार मोठा वाटला. रामोजी सदऱ्यासकट पाण्यात शिरला होता आणि मी काठी टाकून मागोमाग निघालो होतो. मग हातभर अंतरावर पाणी फुटलं आणि वात्यार वर आले. छातीभर पाण्यात सरळ उभे. मिश्या खाली ओघळलेल्या. दोन्ही हात त्यांनी सूर्याकडे वर केले होते. डावा पूर्ण, उजवा थोडा खाली, थरथरत, पण वर. नदी त्यांना सगळीकडून धरून होती.

"मामा!" रामोजी ओरडला. रागावला होता की रडत होता, कळत नव्हतं. "आज फक्त पाय म्हटलें होतें मीं!"

वात्यारांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. ओठ दोन-तीनदा हलले. शब्द शोधत होते. आणि मग कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा, सावकाश, एक एक शब्द नीट ठेवत, ते मराठीत बोलले.

"रामू, तूंही ये. पाणी बरें आहे."

रामोजीने भिजलेला सदरा काढला, घाटाच्या पायरीवर फेकला आणि मामांच्या शेजारी जाऊन बुडी मारली.